जुन्या रोड सायकलचे हब : आधी ओळख, मग पाना

कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या घरांच्या पोटमाळ्यावर, मोडका पाळणा आणि गळका बंब यांच्या शेजारी, अधूनमधून एखादी बारीक टायरांची आणि खाली वळलेल्या हँडलची सायकल आढळते. बोटीवर नोकरीला असलेल्या कोणी काकांनी ती परदेशी बंदरातून आणलेली असते, किंवा मुंबईच्या खोलीत जागा उरली नाही म्हणून कोणी चाकरमान्याने ती गावी आणून टाकलेली असते. रंग उडालेला असला तरी फ्रेम बहुधा शाबूत असते, टायर-ट्यूब नवी मिळते, ब्रेकच्या केबल बदलता येतात. अडते ते चाकाच्या मधोमध असलेल्या हबपाशी, कारण मागच्या हबला एकाच वेळी तीन ठिकाणी जुळावे लागते : फ्रेमच्या मागच्या चिमट्याच्या रुंदीशी, फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या जुडग्याच्या, आट्यांशी आणि आतल्या कोन-छर्ऱ्यांशी, म्हणजे ॲक्सलवरचे शंकूच्या आकाराचे नट आणि त्यांवर फिरणारे छर्रे यांच्याशी. या तिन्हींची मापे देशागणिक आणि दशकागणिक बदलत गेली आहेत.

त्यामुळे हब कोणत्या देशाचा आणि साधारण कोणत्या काळातला हे कळल्याखेरीज त्याला पाना लावू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ते एक चांगला हब स्वतःच्या हाताने वाया घालवल्यानंतर बनलेले आहे. गुहागरजवळच्या एका घरातून मला एक फ्रेंच बनावटीचे मागचे चाक मिळाले होते. त्यावरचे फ्रीव्हील निकामी होते, म्हणून दुकानात सहज मिळणारे इंग्रजी आट्यांचे फ्रीव्हील मी त्यावर चढवले. पहिले दोन-अडीच फेरे ते हाताने सुरळीत फिरले, पुढे जड झाले, आणि जड झाले म्हणजे घट्ट बसते आहे असे समजून मी पाना लावून ते शेवटपर्यंत नेले. पहिल्याच घाटीवर जोराने पायडल मारताच फ्रीव्हील जागच्या जागी फिरले. काढून पाहिले, तर हबचे ॲल्युमिनियमचे आटे खोबऱ्याच्या किसासारखे बाहेर आले. फ्रेंच हबचा आटा ३४.७ मिलिमीटर व्यासाचा असून त्याच्या दोन वेढ्यांतले अंतर बरोबर १ मिलिमीटर असते. इंग्रजी आटा १.३७० इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर व्यासाचा, आणि इंचाला २४ वेढ्यांचा असतो. व्यासातला फरक बोटांना जाणवत नाही, म्हणूनच फसगत होते. इटालियन आटा ३५ मिलिमीटर व्यासाचा आणि इंचाला २४ वेढ्यांचाच असल्यामुळे इंग्रजी फ्रीव्हील त्यावर बहुतेक वेळा चालून जाते, मात्र एकदा त्या जोडीची सवय झालेला हब पुन्हा पुन्हा बदलत राहू नये.

बाहेरून ओळख

सर्वप्रथम हबच्या मधल्या नळीवरचा मळ डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने काढावा. रॉकेल उत्तम, पण ते आता सहजी हाती लागत नाही. या टप्प्यावर पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नये, कारण कोरलेली अक्षरे कधी कधी इतकी उथळ असतात की दोन घासण्यांत ती कायमची जातात. नळीवर, दोन्ही फ्लँजच्या, म्हणजे स्पोक अडकवण्याच्या चकत्यांच्या, बाहेरच्या अंगाला, लॉकनटांवर, म्हणजे कोनला जागेवर पक्के करणाऱ्या बाहेरच्या नटांवर, आणि क्विक रिलीजच्या, म्हणजे पान्याशिवाय चाक आवळणाऱ्या-सोडवणाऱ्या, दांडीवर, अशा चार जागी नाव किंवा खूण शोधावी. बीएसएच्या भागांवर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची खूण असते, कारण बर्मिंगहॅमची ती कंपनी मुळात बंदुका बनवणारी होती. नॉर्मंडी आणि मायार ही नावे फ्रेंच, सुझुए आणि सनशाइन ही जपानी. फ्रेंच नाव दिसले की आट्यांबद्दल लगेच सावध व्हावे. निर्यातीसाठी बनवलेल्या फ्रेंच हबना इंग्रजी आटेही असत, त्यामुळे नुसत्या नावावर निर्णय करता येत नाही, मोजावेच लागते.

नंतर लोहचुंबक लावून पाहावे. संपूर्ण हबला चुंबक चिकटला तर तो पोलादी आहे आणि बहुधा साध्या सायकलचा आहे. कुठेच चिकटला नाही तर नळी आणि फ्लँज दोन्ही ॲल्युमिनियमची आहेत. मधल्या नळीला चिकटतो आणि फ्लँजला चिकटत नाही, अशी गंमत ब्रिटिश हब कंपनीच्या एअरलाइट हबमध्ये दिसते, कारण त्यात पोलादी नळीवर मिश्रधातूच्या चकत्या दाबून बसवलेल्या असतात. असा हब कोकणातल्या हवेत राहिलेला असेल तर दोन धातूंच्या त्या सांध्याकडे आधी पाहावे, कारण पांढरी भुकटी तिथूनच फुटायला लागते.

स्पोकची भोके मोजणे हा दुसरा सोपा पुरावा. पुढे ३२ आणि मागे ४० ही जुनी इंग्रजी पद्धत, आणि आपल्या लुधियाना, सोनीपत, आसनसोलच्या कारखान्यांतून निघालेल्या साध्या काळ्या सायकलींनी तीच पुढे चालवली. इटली, फ्रान्स आणि जपानच्या रोड सायकलींवर दोन्ही चाकांना ३६ भोके सर्वाधिक आढळतात. याचा एक व्यावहारिक परिणाम असा की ३२-४० जोडीला साध्या सायकलच्या रिमची भोके जुळतात, तर ३६ भोकांची चांगली ॲल्युमिनियम रिम मिळवायला मुंबई किंवा पुणे गाठावे लागते.

काळ ठरवण्याच्या बाबतीत इटलीची कॅम्पाग्नोलो आणि जपानची शिमानो या दोन कंपन्यांनी पुढच्या पिढ्यांवर उपकार केले आहेत. कॅम्पाग्नोलोच्या जुन्या मागच्या हबच्या लॉकनटवर 'सी ए एम' ही अक्षरे आणि दोन अंक उमटवलेले असतात, आणि ते दोन अंक म्हणजे वर्ष. गेल्या पावसाळ्याआधी एक हब साफ करताना मला हा ठसा दिसला तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे : लॉकनट नुसता तपकिरी गोळा वाटत होता, टूथब्रशच्या चौथ्या-पाचव्या फेऱ्यात आधी 'ए'ची उतरती रेघ चमकली, मग दोन्ही बाजूंची अक्षरे आणि शेवटी ७ आणि ४ हे आकडे उलगडले. अर्थात लॉकनट बदललेला असू शकतो, म्हणून हा पुरावा एकट्याने पुरेसा मानू नये. कॅम्पाग्नोलोच्या मोठ्या फ्लँजच्या हबमध्ये रेकॉर्ड या वरच्या मालिकेच्या चकत्यांना लांबट खिडक्या असतात, तर स्वस्त नुओव्हो टिपोच्या चकत्यांना गोल भोके असतात. जुन्या रेकॉर्डच्या नळीच्या मध्यावर तेल सोडण्याचे भोक आणि त्यावर पातळ पत्र्याची चाप असते. ही चाप सहज हरवते आणि तिच्यावाचून त्या भोकातून थेट पाणी आत जाते, त्यामुळे ती सापडली तर डबीत वेगळी ठेवावी.

शिमानोच्या भागांवर दोन इंग्रजी अक्षरांचा संकेत असतो. पहिले अक्षर वर्षाचे, ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, आणि दुसरे महिन्याचे, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. 'एच सी' असे दिसले तर १९८३ चा मार्च. हबवर ते सापडले नाही तर त्याच सायकलच्या क्रँकच्या मागच्या बाजूला पाहावे. ड्युरा-एस ही त्यांची रोड सायकलच्या भागांची मालिका १९७३ साली आली आणि फ्रीहब, म्हणजे फ्रीव्हीलची यंत्रणा हबच्याच अंगात असलेला प्रकार, १९७८ साली, त्यामुळे शिमानोच्या हबला फ्रीव्हीलचे आटे नसून दातांची स्वतंत्र नळी असेल तर तो १९७८ च्या आधीचा नाही एवढे निश्चित होते.

स्टर्मी-आर्चर या इंग्रजी कंपनीचा तीन गिअरचा हब जुन्या रॅले सायकलींवर बराच आढळतो. त्याच्या नळीवर 'ए डब्ल्यू' अक्षरांसोबत वर्ष आणि महिना कोरलेला असतो. पण तो आतून अगदी निराळा प्राणी आहे, त्यात दर महिन्याला तेलाचे दोन-चार थेंब सोडावे लागतात, आणि त्याची उघडणी या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवतो.

मापे घ्यावीत ती अशी

व्हर्नियर नसेल तर विकत घ्यावा, स्टीलच्या पट्टीने हे काम होत नाही. एका बाजूच्या लॉकनटच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या लॉकनटच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर हे हबचे मुख्य माप, आणि फ्रेमच्या चिमट्यात बसते ते हेच. पुढे ते बहुधा १०० मिलिमीटर असते. मागे ५ गिअरच्या काळात १२०, ६ आणि ७ गिअरच्या काळात १२६, आणि ८ गिअर आल्यापासून १३० मिलिमीटर. फ्रेमची रुंदीही मोजावी, कारण पोटमाळ्यावरच्या सायकलीत मूळचेच चाक असेल याची खात्री नसते.

ॲक्सल आरपार पोकळ असेल तर क्विक रिलीजचा. टुलियो कॅम्पाग्नोलो यांनी त्याचे पेटंट १९३० साली घेतले. अशा ॲक्सलचे टोक लॉकनटच्या बाहेर प्रत्येक बाजूला साधारण ५.५ मिलिमीटर असावे, म्हणजे १२६ च्या हबचा ॲक्सल १३७ मिलिमीटर लांब भरतो. टोक त्याहून लांब असेल तर क्विक रिलीज कितीही दाबला तरी चिमट्यावर पकड बसत नाही, आणि हा दोष चाक निसटेपर्यंत लक्षात येत नाही.

ॲक्सलच्या आट्यांत पुन्हा तीच जुनी खोड आहे. जपानी रोड हबचा पुढचा ॲक्सल ९ मिलिमीटर आणि मागचा १० मिलिमीटर, दोन्हींच्या आट्यांचे अंतर १ मिलिमीटर. कॅम्पाग्नोलोचे व्यास तेच, पण आटे इंचाला २६. इंग्रजी आणि भारतीय साध्या हबचे ॲक्सल पुढे ५/१६ इंच व मागे ३/८ इंच, आटे २६. शिमानोचा लॉकनट कॅम्पाग्नोलोच्या ॲक्सलवर काही फेरे आनंदाने जातो आणि मग अडतो. अडला की तिथेच थांबून उलटा फिरवावा.

तारा तोडण्याची घाई

रिम गंजलेली असते, स्पोक मोडलेले असतात, तेव्हा पहिला मोह होतो तो पक्कड घेऊन सगळे स्पोक तोडून हब मोकळा करण्याचा. आमच्या बाजारपेठेतले सायकलवाले काका अशा वेळी एकच वाक्य बोलत असत : "अरे, चाकच तोडलंस तर फ्री काढताना धरणार काय?" फ्रीव्हील हे प्रत्येक पायडलबरोबर अधिकाधिक आवळत जाणारे नट आहे, ते सोडवायला मोठी ताकद लागते, आणि ती ताकद देणारी लांब दांडी म्हणजे खुद्द रिम. स्पोक तोडल्यावर गुळगुळीत गोल हब व्हाइसमध्ये धरण्याचा कोणताही सभ्य मार्ग उरत नाही.

फ्रीव्हीलच्या तोंडाशी दोन खाचा, चार खाचा किंवा आतून दाते असतात आणि प्रत्येकासाठी वेगळा पुलर लागतो. दोन खाचांचा प्रकार सर्वांत त्रासदायक, कारण पुलर घसरला की खाचेची कड उडते आणि मग फ्रीव्हील तोडल्याशिवाय निघत नाही. म्हणून पुलर बसवल्यावर तो ॲक्सलच्या नटाने किंवा क्विक रिलीजने जागेवर दाबून ठेवावा, पुलर व्हाइसमध्ये धरावा, चाक आडवे ठेवून दोन्ही हातांनी रिम घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावी. फ्रीव्हील किंचित सुटल्याची जाणीव होताच नट सैल करणे विसरू नये, नाहीतर ॲक्सलच वाकतो.

किनाऱ्यावर मात्र हे इतके सरळ होत नाही. पोलादी फ्रीव्हील आणि ॲल्युमिनियमचा हब यांच्यामध्ये खारे पाणी शिरले की तिथे एक छोटी विद्युत घटमालाच सुरू होते आणि तिच्यात झिजतो तो ॲल्युमिनियम. झिजेतून तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा घेते आणि आट्यांत पाचर मारल्यासारखी बसते. अशा वेळी आत झिरपणारे गंजतेल फ्रीव्हील आणि हबच्या सांध्यात सकाळ-संध्याकाळ सोडून चार-पाच दिवस चाक आडवे ठेवावे, आणि प्रत्येक वेळी लाकडी दस्त्याने फ्रीव्हीलवर हलके ठोके द्यावेत.

येथे उष्णतेविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. घट्ट नट तापवून सोडवतात हे सर्वांना माहीत असते, पण इथे ॲल्युमिनियम आत आणि पोलाद बाहेर आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, त्यामुळे सगळा भाग तापवला तर आतला हब अधिक फुगून पकड वाढते. ब्लो-लॅम्प लावल्यास फ्रीव्हीलचे पाणीही, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणाही, उतरतो आणि हबचे बळही. मी उलटे करतो. मासळी बाजारातून बर्फाचा चुरा आणून हबच्या नळीभोवती आणि फ्रीव्हीलच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अर्धा तास ठेवतो. आकुंचनातला फरक केसाहून बारीक असतो, पण तेवढ्यात चिकटलेली भुकटी तडकते आणि तेलाला वाट मिळते. कधी कधी बर्फ आणि कोमट पाणी आळीपाळीने दोन-तीनदा करावे लागते. बर्फवाल्याने अजून तरी कारण विचारलेले नाही.

उघडणी

गावोगावच्या दुकानांत या कामाला ओव्हरऑयलिंग म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग असला तरी आपल्या लोकांनी त्यात तेल घातले आहे, आणि दुर्दैवाने अनेक ठिकाणी त्या शब्दाला जागून केवळ तेलच घातले जाते. पुरे काम करायचे तर हब पूर्ण खोलावा लागतो.

कोन धरण्यासाठी साधारण २ मिलिमीटर जाडीचे चपटे पाने लागतात, मापे १३ पासून १७ मिलिमीटरपर्यंत. जाड पान्याने कोनच्या कडा गोल होतात. लॉकनट फक्त डाव्या बाजूचा सोडवावा आणि उजव्या, फ्रीव्हीलच्या, बाजूचे कोन-लॉकनट ॲक्सलवर आहे तसेच राहू द्यावे, म्हणजे जुळवताना ॲक्सलची दोन्ही टोके आपोआप सारखी येतात. सुरुवातीलाच दोन्ही टोकांची लांबी मोजून लिहून ठेवावी. जुना पांढरा पंचा खाली पसरावा, त्यावर छर्रे पडले तर उडत नाहीत आणि दिसतातही.

ॲक्सल उजवीकडे ओढून काढताना हात हळू ठेवावा. तीस-चाळीस वर्षांचे ग्रीस गुळाच्या ढेपेसारखे घट्ट झालेले असते, त्यात छर्रे रुतून बसलेले असतात आणि बाजूबाजूने त्यांची संख्या वेगळी असू शकते. प्रत्येक बाजूचे छर्रे वेगळ्या वाटीत मोजून ठेवावेत. सर्वसाधारणपणे पुढच्या हबमध्ये बाजूला ३/१६ इंची १० छर्रे आणि मागच्या हबमध्ये १/४ इंची ९ छर्रे असतात. कॅम्पाग्नोलोच्या रेकॉर्डमध्ये पुढे ७/३२ इंची असतात, आणि ते नेमके आपल्याकडच्या सायकल दुकानात मिळत नाहीत. त्यासाठी चिपळूण किंवा रत्नागिरीच्या बेअरिंगच्या दुकानात व्हर्नियर घेऊन जावे आणि ५.५६ मिलिमीटर असे माप सांगावे.

छर्ऱ्यांवरच्या पत्र्याच्या टोप्या, ज्यांना डस्ट कॅप म्हणतात, त्या शक्यतो काढू नयेत. काढल्याशिवाय कप, म्हणजे छर्रे फिरतात ती हबमधली वाटी, नीट साफ होतच नसेल तर रुंद आणि बोथट साधनाने कडेकडेने थोडे थोडे उचलत जावे. एका जागी जोर दिला की टोपी अंडाकृती होते आणि पुढे जन्मभर ॲक्सलला घासत राहते.

सगळे भाग डिझेलमध्ये रात्रभर ठेवून ब्रशने साफ करावेत आणि कोरडे पुसावेत. तांब्याची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने लख्ख होतात म्हणून हबलाही तोच उपाय करण्याचा सल्ला घरातली वडीलधारी मंडळी प्रेमाने देतात. तो नम्रपणे नाकारावा. आम्लाने ॲल्युमिनियम काळवंडतो, आणि कडक पाणी दिलेले कोन व छर्रे आम्लात पडून राहिले तर ठिसूळ होतात. साधे पोलादी नट किंवा वॉशर यांच्यावरचा गंज उतरवण्यापुरते ते ठीक आहे.

काय ठेवावे आणि काय टाकावे

हब ठेवण्यासारखा आहे की नाही हे बाहेरच्या चकाकीवरून ठरत नाही, कपच्या आतल्या वर्तुळावरून ठरते. उजेडाकडे धरून कपमध्ये पाहावे. छर्ऱ्यांनी घासलेली एक अखंड, गुळगुळीत चकाकती पट्टी दिसली तर हब सुदृढ आहे. पट्टीवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर रिफिल संपलेल्या बॉलपेनचे टोक त्यावरून हलके फिरवावे, डोळ्याला न दिसणारा खड्डाही टोकाला अडखळतो. कोनवर हीच परीक्षा करावी. कोन खराब असणे हे फारसे दुःखाचे नाही, कारण कोन मुळातच बदलण्यासाठी बनवलेला भाग आहे, फक्त आटे, व्यास आणि छर्ऱ्याच्या वाटेची वक्रता जुळली पाहिजे. हुबेहूब कोन मिळाला नाही तर मिरजोळे किंवा खेर्डीच्या औद्योगिक वसाहतीतला कसलेला टर्नर जुन्या नमुन्यावरून कोन करून देतो, मात्र त्याला नंतर पाणी देऊन ग्राइंड करायला सांगावे. नुसता मऊ पोलादाचा कोन एका पावसाळ्यात पन्हळीसारखा झिजतो.

कप खराब असेल तर गोष्ट अवघड. कॅम्पाग्नोलोच्या रेकॉर्डचे कप दाबून बसवलेले असल्यामुळे बदलता येतात, पण ते मिळवणे आणि सरळ बसवणे दोन्ही कष्टाचे. बहुतेक स्वस्त हबमध्ये कप खराब म्हणजे हब संपला असेच समजावे. थोडेसे डाग असतील तर नवे छर्रे घालून, किंचित अधिक वेळा ग्रीस बदलत तो हब हलक्या वापरासाठी आणखी काही वर्षे चालतो. असे दोन हब माझ्याकडे चालू आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

फ्लँजवरच्या भेगेबाबत मात्र तडजोड नाही. प्रत्येक स्पोकच्या भोकाभोवती, विशेषतः दोन भोकांच्या मध्ये आणि भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत, भिंगातून पाहावे. शंका आली तर तेथे पातळ तेल लावून पुसून वर खडूची पूड फासावी. भेग असेल तर काही वेळाने पुडीवर तेलाची रेघ उमटते. भेगाळलेला ॲल्युमिनियमचा हब वेल्डिंग करून वापरू नये, तो दिवाणखान्यात ठेवावा.

ॲक्सल सरळ आहे का हे आरशाच्या काचेवर लोळवून पाहावे. फ्रीव्हील चढवलेल्या मागच्या हबचा ॲक्सल उजव्या अंगाला वाकतो किंवा तुटतो, कारण त्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत खोलवर राहतात आणि बाहेर निघालेल्या लांब टोकावर सगळे वजन येते. फ्रीहबमध्ये छर्रे उजव्या कडेला नेल्यामुळे हा दोष बराच गेला. छर्रे मात्र काहीही दिसत असले तरी सगळे नवे घालावेत, ग्रेड २५ चे मागावेत, आणि जुन्या-नव्यांची मिसळ करू नये.

उजळणीच्या कामात मी संयम पाळावा या मताचा आहे. धातू उजळण्याच्या पेस्टने आणि मऊ फडक्याने नळी व फ्लँज हाताने चमकवावेत. बफिंगच्या यंत्राला दिले तर कोरीव अक्षरे जातात.

ग्रीस आणि जुळणी

ग्रीसच्या बाबतीत किनाऱ्यावर राहणे ही सोय आहे. मिरकरवाडा, हर्णै किंवा मालवणला ट्रॉलरची इंजिने दुरुस्त करणाऱ्यांकडे खाऱ्या पाण्याला दाद न देणारे सागरी ग्रीस असते, कॅल्शियम सल्फोनेट प्रकारचे मिळाले तर फारच उत्तम. सायकलच्या दोन हबना चमचाभर पुरते. खोबरेल तेल, शिवणयंत्राचे तेल किंवा टाचांना लावायचे मुठेल यांपैकी काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि हे लिहावे लागते याचा अर्थ मी तिन्ही पाहिलेले आहेत.

कपमध्ये ग्रीसचा जाड थर भरून छर्रे एकेक करून त्यात बसवावेत. छर्ऱ्यांची मूळ संख्या माहीत नसेल तर वर्तुळ पूर्ण भरून मग एक छर्रा काढून घ्यावा. वरून पुन्हा ग्रीस द्यावे, ॲक्सलच्या मधल्या भागालाही हात फिरवावा म्हणजे नळीच्या आत दमट हवेने गंज धरत नाही. ॲक्सल घालून डावा कोन बोटांनी टेकेपर्यंत आणावा, पाव फेरा मागे घ्यावा, कोन पान्याने स्थिर धरून लॉकनट आवळावा. लॉकनट आवळताना कोन थोडा पुढे सरकतोच, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात ते क्वचितच साधते. मला अजूनही चार-पाच प्रयत्न लागतात.

नटाच्या ॲक्सलमध्ये खेळ शून्य आणि फिरणे मोकळे असावे. क्विक रिलीजच्या पोकळ ॲक्सलमध्ये मात्र हातात धरल्यावर अगदी किंचित खेळ जाणवला पाहिजे, कारण दांडी दाबली की ॲक्सल थोडा आखडतो आणि तो खेळ भरून निघतो. खात्री करण्यासाठी चाक फ्रेममध्ये बसवून, दांडी नेहमीइतकी दाबून, रिम ब्रेकच्या जागी धरून डावी-उजवी हलवावी. टक टक जाणवले तर सैल. नंतर चाक उचलून व्हॉल्व्ह वरच्या बाजूच्या जरा पुढे आणून सोडावे. नीट जुळलेला हब असेल तर व्हॉल्व्हच्या वजनाने चाक आपसूक खाली येते, दुसऱ्या बाजूला थोडे चढते, परत येते आणि झोपाळ्यासारखे बराच वेळ झुलून थांबते. झटक्याने थांबले तर कोन घट्ट आहे.

स्पोक नव्याने भरायचे असतील तर फ्लँजवर जुन्या स्पोकनी पाडलेल्या खुणा पाहून त्याच दिशेने आणि तितक्याच फुल्यांनी, म्हणजे एक स्पोक वाटेत जितक्या स्पोकना छेदत होता तितक्यांनाच छेदेल असे, भरावेत; उलट भरले तर प्रत्येक भोकापाशी नवी खाच पडते आणि फ्लँज कमकुवत होतो. स्पोक स्टेनलेसचेच घ्यावेत. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढण्याचे काम ज्याचा हात बसला आहे त्याच्याकडे द्यावे, त्यात कमीपणा नाही. फ्रीव्हील परत चढवताना आट्यांना भरपूर ग्रीस लावावे, म्हणजे पुढच्या वेळी बर्फवाल्याकडे जावे लागत नाही.

पावसाळ्याच्या दोन्ही तोंडांना

या जुन्या हबना रबरी सील नसतात. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि रस्त्यावरच्या पाण्यात जांभ्याची लाल माती मिसळलेली असते. ती ग्रीसमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखे काम करते. म्हणून दुकानदार सांगतो ते वर्षातून एकदा आपल्याकडे पुरत नाही. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीची, कामे चालू असतात तेव्हा एकदा आणि दसऱ्याला हत्यारे पुसायला काढतो तेव्हा दुसऱ्यांदा हब उघडावा. सागरी महामार्गावर सायकल नेणाऱ्यांनी दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर सायकल कठड्यापासून आत, गाड्यांच्या आडोशाला उभी करावी, आणि घरी आल्यावर हब गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावा. नळीची धार किंवा गाड्या धुण्याचा फवारा हबच्या तोंडावर धरू नये, मीठ बाहेर येण्याऐवजी आत जाते.

उघडलेल्या प्रत्येक हबची चिठ्ठी मी हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवतो : रुंदी, ॲक्सलचे आटे, फ्रीव्हीलचे आटे, छर्ऱ्यांचे माप आणि संख्या, उघडल्याची तारीख. वाया गेलेल्या त्या फ्रेंच हबची चिठ्ठीही तिथे सर्वांत वर आहे.